कानाच्या उंचीला

"हा मुठीत मावतो," सॅमने काउंटरवर तिसरा रेकॉर्डर ठेवला. "पण याच्या अंगचे माइक विसरा, साहेब. खिशात ठेवला की नुसता कापडाचा खसखसाट. बाहेरून दोन छोटे माइक जोडायचे."

"ते लावायचे कुठे?" गिऱ्हाइकाने विचारलं. अंगात कडक इस्त्रीचा सफारी.

"कॉलरला. दोन बाजूंना दोन. वायर शर्टाच्या आतून, रेकॉर्डर मोज्यात."

"गेटवर सापडत नाही?"

"आजवर तरी नाही."

नगरमध्ये मैफलीचं रेकॉर्डिंग म्हटलं की लोक सॅमचंच दुकान दाखवत. शनिवारी मनकर्णाबाईंचं गाणं होतं. सॅमचे वडील गिदोन यांनी त्यांना कित्येक वर्षं पेटीवर साथ केली होती. आता ते सोनईला अंथरुणाला खिळले होते. "बाईंचं एकदा ऐकवा रे," एवढंच त्यांचं मागणं. बाईंनी रेकॉर्डिंगला आनंदाने होकार दिला होता. आयोजकांनी फोनवरच झिडकारलं होतं.

गिऱ्हाइकाने प्रत्येक वस्तूचा फोटो काढला. सॅमने हेडफोन पुढे केला, तो त्याने हातानेच बाजूला सारला.

"आणि एक," सॅम म्हणाला, "माइक लावले की दगडासारखं बसायचं. मान डोलावली की गाणं डावीकडून उजवीकडे पळतं."

"अहो, गाण्याला मान डोलणारच की!"

"मग रेकॉर्डिंग विसरायचं."

तो हसत गेला. मागच्या पडद्याआड बारीक वायर जोडत बसलेल्या दयाने, सॅमच्या बहिणीने, विचारलं, "काय घेतलं रे त्यानं?"

"काहीच नाही. हेडफोनसुद्धा कानाला लावला नाही."

दयाने वायरवर फुंकर मारली. "मग पप्पांचं?"

"पप्पांचं होणार."

शनिवारी सभागृहाच्या दारात तोच सफारी उभा होता. छातीवर आयोजकांचा बिल्ला.

"या, सॅमशेठ!" तो म्हणाला. "आधी कॉलर. मग मोजे."

रेकॉर्डर आणि दोन्ही माइक टेबलावर आले. रांगेत खसखस पिकली.

"साहेब, वडील आजारी आहेत हो."

"मग उचलून आणायचं त्यांना! तिकीट काढून!"

सॅम खाली मान घालून आत गेला. मागे दया होती. काठपदराची साडी, घसघशीत अंबाडा, त्यावर गजरा, कानांत भलेमोठे झुमके. सफारीने तिच्या पर्समध्ये डोकावून पाहिलं आणि अदबीने वाट दिली.

"या ताई. पुढं बसा, छान ऐकू येईल."

मनकर्णाबाईंनी पहिल्याच समेला सभागृह जिंकलं. सगळ्या माना एकदम डोलल्या, दारातल्या सफारीचीसुद्धा.

दयाची तेवढी हलली नाही.