दहा मिनिटांचे आकडे

पहिला मेसेज आला तेव्हा उदाराम जेवत होता. दुसरा आला तेव्हा तो ताटावरून उठला.

सहा आकडे. खाली इंग्रजीत नेहमीची ओळ: दहा मिनिटं चालेल, कोणालाही सांगू नका.

"मोनालीचाच न जी?" त्याच्या बायकोनं, शामकलानं विचारलं. "तिची मैतरीन मंजू सांगून राहिली होती, नर्सच्या फारमची आज आखरी तारीख हाय. सांगा न पोरीले."

"कोणाले सांगू नका, लिहिलं हाय."

"तुमी तं तसंही कोणाले काई सांगत नाई."

जातीबाहेरच्या मुलासोबत मोनाली निघून गेली, त्याला चौदा महिने झाले होते. घरात तिचं नाव निघत नसे. यायचे ते फक्त हे आकडे. उदाराम मुर्री गावाजवळच्या एका राईस मिलच्या गेटवर आवक-जावक लिहायचा. त्याच्या सहीशिवाय कोंड्याचं पोतंही बाहेर पडत नसे. असा माणूस पोरीच्या हाती मोबाईल देतो होय! शिष्यवृत्ती, नर्सिंगचा प्रवेश, ईमेल, सगळीकडे नंबर त्यानं स्वतःचा टाकला होता. पासवर्डही सगळीकडे एकच: त्याचं नाव आणि पुढे जन्मसाल. "काका, सब जगह एक ही मत रखो," सायबर कॅफेवाल्यानं बजावलं होतं. उदाराम म्हणाला होता, "बापाचं नाव का जागोजागी बदलते?"

पोरगी नोंद न करता गेली. पण कुठेही शिरायचं तर बापाचं नाव टाइप करावं लागे, आणि आकडे बापाच्या खिशात येत. तिथेच दहा मिनिटं पडून बाद होत. असं अकरा वेळा झालं होतं. ती मोजदाद मात्र त्यानं चोख ठेवली होती.

"गरज असन तं लावन फोन," तो म्हणाला.

आणि फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"बाबा."

उदाराम फोन घेऊन दाराशी गेला.

"मेसेज आला असन. आकडे सांगा न."

गेटवर तो धावत्या ट्रकची पाटी एका नजरेत वाचायचा. आता त्यानं चष्मा शोधला. तो डोळ्यांवरच होता.

"चार," तो म्हणाला. मग थांबला. "थंडी हाय का तिकडं?"

"हाय. पुढचा?"

"सात. जेवली?"

"बाबा, टाइम जाऊन राहिला."

"शून्य. आनखी एक शून्य." त्यानं श्वास घेतला. "दोन."

शामकला पदराला हात पुसत जवळ येऊन उभी राहिली. एक आकडा उरला होता. पोतं अडवून धरावं तसा उदारामनं तो अडवून धरला.

"घरी कधी येतेस?"

पलीकडे कीबोर्डवरची बोटं थांबल्यासारखी वाटली.

"शेवटचा सांगा, बाबा."

"नऊ."

एक खटका ऐकू आला.

"झालं," मोनाली म्हणाली. "आता तुमाले तरास नाई होनार." फोन बंद झाला.

"काय म्हणे?" शामकला म्हणाली.

तेवढ्यात मोबाईल पुन्हा वाजला. उदारामचं इंग्रजी गेटपासापुरतं होतं. पण 'मोबाईल नंबर' आणि 'चेंज्ड' एवढं कळायला ते पुरेसं होतं. नवा नंबर सगळा फुल्यांनी झाकलेला. शेवटचे दोनच आकडे दिसत होते.

"काय म्हणे पोरगी? फारम भरला का?"

त्यानं कपाटातून लाल डायरी काढली. मोनालीच्या पानावर पासवर्डांच्या आठ ओळी होत्या, आणि आठही ओळींत त्याचंच नाव. त्याखाली त्यानं लिहिलं: चार, सात, शून्य, शून्य, दोन, नऊ. दहा मिनिटं केव्हाच उलटली होती. तो एकेक आकडा पुन्हा गिरवू लागला.

"अजी, बोला न! काय म्हणे?"

"थंडी हाय म्हणे तिकडं."