भोपळी घाटाची चहादाणी

“उंबऱ्यात काय उभा राहिलायस? आत ये, पाणी उकळतंय,” माई म्हणाल्या.

देशंग आत आला, पण खुर्चीवर बसला नाही. भिंतीशी ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर टेकला. वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्याच्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं, तरी आज त्याला तीच जागा बरी वाटली.

माई म्हणजे त्याच्या मेंग गुरुजींची पत्नी. गुरुजींना जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. उद्या सकाळी गावच्या संग्रहालयात त्यांच्या नावाचं दालन उघडणार होतं. दालनाच्या मधोमध, काचेच्या पेटीत, त्यांची भोपळी घाटाची, भोपळ्यासारख्या फोडी पाडलेली चहादाणी ठेवली होती. आणि थोरला शिष्य म्हणून देशंगने तिच्याविषयी बोलायचं होतं.

“माई, उद्या मी भाषण करणार नाही.”

“का रे? घसा बसला? मध देऊ का?”

“घसा ठीक आहे. तोंड दाखवायला जागा नाही मला.”

माईंनी कढत पाणी चहादाणीवर ओतलं, ते बांबूच्या तबकात निथळू दिलं. मग चिमट्याने इवल्या पेल्या उलट्या केल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या, पण हात अजून स्थिर होता.

“बोल,” त्या म्हणाल्या.

“काचेतली ती चहादाणी गुरुजींची नाही. मी केलेली आहे.”

माईंचा हात थांबला. एकच क्षण. मग त्यांनी चहाची पत्ती चहादाणीत सोडली.

देशंग खाली मान घालून सांगत राहिला. अडतीस वर्षांपूर्वी गुरुजींना ऑपरेशनसाठी वूशी शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. माईही तीन आठवडे तिकडेच होत्या. नेमके तेव्हा चहादाण्यांच्या कारखान्यात लांबचे पाहुणे येणार होते आणि मॅनेजर रोज येऊन ओरडत होता, “मेंगसाहेबांची एक तरी चहादाणी पाहिजे! कपाटात काहीच कसं नाही?”

कपाट खरंच रिकामं होतं. देशंगने गुरुजींच्या खोलीचं कुलूप काढलं, त्यांचीच थापी घेतली, त्यांचीच जांभळी माती घेतली. अकरा दिवस खपला. शेवटी ओल्या बुडावर त्यांचा शिक्का उठवला. भट्टीतून निघाल्यावर मॅनेजरने ती पाहुण्यांना भेट दिली.

“करायला कुठे शिकलास?” माईंनी विचारलं. “ते तर दार लावून बसायचे.”

“तयार चहादाण्या पुढ्यात ठेवायचे ना. ‘बघा आणि शिका’ म्हणायचे. त्या बघूनच.”

“फोडी कशा काढल्यास?”

“आतून. शिंगाच्या पट्टीने.”

“आणि तोटीचा जोड?”

“आतून करंगळी फिरवून.”

“हं,” माई म्हणाल्या. त्यांनी चहा गाळून पेलीत ओतला आणि पेली त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती उचलली नाही.

“शिक्का मारला, ते पाप झालंच. पण त्यापुढचं सांगायला आलोय,” देशंग म्हणाला. “पुढच्या वर्षी ते पाहुणे तीच चहादाणी घेऊन परत आले. सगळ्यांसमोर गुरुजींच्या हातात दिली. मी मागच्या रांगेत उभा होतो. वाटलं, आता बोलतील, आता मला पुढे बोलावतील. त्यांनी ती उलटी केली, शिक्का वाचला. बराच वेळ हातात धरून ठेवली. आणि म्हणाले, ‘या घाटाने मला फार छळलं. पण ही मनासारखी उतरली.’”

देशंग स्टुलावर पुढे वाकला.

“माझी चोरी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली, माई. मला उघडं पाडलं नाही. त्यानंतर पाच वर्षं होते, एका शब्दाने विचारलं नाही. रोज सकाळी मी त्यांच्यासमोर माती थापायचो आणि ते म्हणायचे, ‘जेवलास का?’ एकदा कानफटात मारली असती तर सुटलो असतो मी.”

माईंनी पेली त्याच्याकडे आणखी थोडी सरकवली. तो बोलतच राहिला.

“ते गेल्यावर तो घाट मी पुन्हा कधी केला नाही. लोक विचारायचे, तुझा हात एवढा चांगला, मग चहाच्या दुकानांसाठी साध्या चहादाण्या कसल्या थापत बसतोस? काय सांगणार? एकदा चांगलं केलं, तेही दुसऱ्याच्या नावाने. त्या देवमाणसाला मी फसवलं. उद्या त्याच्याच तसबिरीखाली उभा राहून खोटं कसं बोलू?”

बाहेर कालव्यातून एक नाव फटफट करत गेली.

“मला हाकलून द्या, माई. काहीतरी बोला.”

माईंचा चेहरा लालबुंद झाला होता. राग असणार, असं देशंगला वाटलं. त्याने मान आणखी खाली घातली.

त्या टेबलाला धरून उठल्या. कपाटातून एक जाड पुस्तक काढलं. गुरुजींच्या कामाचं, संग्रहालयाने छापलेलं, प्रत्येक चहादाणीचा फोटो असलेलं. पानांच्या कडा बोटांनी मळल्या होत्या. त्यांनी ते देशंगच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडे न बघता खिडकीकडे तोंड केलं.

“यात तुझ्या गुरुजींच्या चाळीस चहादाण्या आहेत,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “मी एकोणचाळीसच केल्या होत्या. इतकी वर्षं वाटायचं, मोजताना माझंच चुकतंय.”