पथ्य

दुपारच्या शांततेत पिठाच्या डब्यावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि झाकण खडखडलं. रेश्मानं मानेतली बारकी गाठ चाचपणारा हात दचकून खाली घेतला. सीमेवरच्या चौकीतून नवऱ्याचा, वीरधवलचा फोन होता.

सगळे रिपोर्ट चांगले आले, तरी ती त्याला प्रत्येक फोनवर विचारायची, "मला कॅन्सर न्हाई ना?" आणि तो म्हणायचा, "तुला काय बी झालेलं न्हाई." तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. आता सांगलीच्या समुपदेशक मॅडमनी दोघांनाही पथ्य घातलं होतं. तिनं विचारायचं नाही, आणि विचारलंच तर त्यानं उत्तर द्यायचं नाही. भीती दिलाशाशिवाय ओसरू द्यायची.

तिनं स्पीकर लावला. द्राक्षबागेच्या छाटणीचं बोलून झालं, सासूबाईंच्या गुडघ्यांचंही झालं. मग राहवलंच नाही.

"आवं, मला काय झालं न्हाई ना?"



"जेवलीस का?" त्यानं विचारलं.

"व्हय."

फोन ठेवून तिनं दोन्ही हातांनी ओटा घट्ट धरला. छातीतली धडधड वाढली, वाढतच गेली आणि मग, कुणीही काही न सांगता, हळूहळू ओसरली. असं पहिल्यांदाच झालं होतं. ती हसतच वळली.

दारात शर्वी उभी होती, हातातली बाहुली छातीशी आवळून.

"मम्मी, तुला काय झालं न्हाई, असं पप्पा आज म्हणालेच न्हाईत. मग आता झालंय का गं?"