जुनी काढलेली

दाजींनी ट्रकची किल्ली कानात घालून सावकाश फिरवली, बाहेर काढून निरखली, पँटला पुसली आणि तीच उघड्या इंजिनावर रोखत म्हणाले, "हीच बेअरिंगं टाका परत. काय धाड भरलीय त्यांना?"

इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं होतं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, खालून काढलेली बेअरिंगं रॉकेलच्या ट्रेमध्ये ओळीने मांडली होती. हातातलं कडं मधोमध कापावं तसे अर्धगोल पत्रे. त्यातलं एक उचलून मिस्त्रीने पुसलं आणि आतून अंगठ्याचं नख फिरवलं. हे नख तो मुद्दाम राखायचा. चांगल्या बेअरिंगवरून ते सरळ घसरत जातं, गेलेल्यावर अडतं. इथे ते जागोजागी अडलं. वरचा राखाडी थर उडून खालचं तांबं उघडं पडलं होतं.

"कामातून गेलीत ही, दाजी. भरल्या गाडीला चढावर ताण आला की क्रँकला चिकटून बसतील. इंजिन जागच्या जागी जाम. मागे उतार आणि वर सगळा माल."

"तेव्हा गाडी माझी असणार आहे का?"

हे त्यांनी अगदी शांतपणे म्हटलं. गाडी घेणारा काही परका नव्हता. याच ट्रकवर दाजींसाठी वर्षानुवर्षं हाडं झिजवलेला ड्रायव्हर होता. इंजिनाचं काम नीट करून द्या, मग घेतो, एवढंच त्याने मागितलं होतं. थोड्या वेळात तो स्वतः बघायला येणार होता.

"तो जुनी बेअरिंगं मागेल," मिस्त्री म्हणाला. या गॅरेजची ती रीत होती. जे बदललं ते जुनं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, म्हणजे संशयाला जागा नको.

"ते मला माहीत नाही होय?" दाजींनी पिशवीतून एक फडक्याची पुरचुंडी काढून बाकावर सोडली. आत काळीकुट्ट बेअरिंगं होती. "भंगारवाल्याकडून आणलीत. ही दाखवा त्याला. जुनी काढलेली म्हणून."

सवयीने मिस्त्रीने त्यातल्याही एकावर नख फिरवलं. ते बऱ्यापैकी घसरलं. दुसऱ्यावरही. भंगारातला माल गाडीतल्यापेक्षा बरा निघाला होता! त्याला हसू यायला हवं होतं, पण तोंडात कडूजहर पाणी आलं.

"दादा," दाजी जवळ सरकले आणि त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "तुमच्या बहिणीचंच घर चालतंय ना यावर? माझ्यासाठी नका करू, तिच्यासाठी करा."

बहीण. म्हणजे आता तिलाही या घाणीत ओढलं. आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचं अर्धं मन तयारही झालं. इतकी वर्षं सांभाळलंच की आपण या माणसाला, अजून एकदा सांभाळू, असं त्याच्या मनात येऊन गेलं. दाजींची किळस त्याला सवयीची होती. स्वतःची आली ती सहन होईना. दंडावरचा हात झटकून तो ट्रेकडे वळला आणि एकेक बेअरिंग बाहेर काढून पुसू लागला. दाजींना वाटलं, बसवायला घेतली. ते समाधानाने मागे टेकले.

तेवढ्यात ड्रायव्हर आलाच. धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून.

"मालक, जरा केबिनमध्ये बसू का? कुलूप आहे दाराला."

दाजींनी कानातली किल्ली काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती मुठीत घट्ट धरली. मिस्त्रीने मान फिरवली.

"बस की! तुझीच आता ती," दाजी म्हणाले. "आधी हे बघ. सगळी बेअरिंगं नवी घातलीत. दादा, दाखवा त्याला जुनी काढलेली."

"दाखवतो," मिस्त्री म्हणाला. बाकावरच्या पुरचुंडीला त्याने हातही लावला नाही. ट्रेमधून पुसून काढलेली सगळी बेअरिंगं त्याने एका कोऱ्या फडक्यात बांधली आणि ड्रायव्हरच्या ओंजळीत ठेवली. "ही घे. याच इंजिनातली. नख फिरवून बघ."

दाजी ताडकन पुढे आले. पण जुनी काढलेली, हे आत्ताच त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

ड्रायव्हरने नख फिरवलं. "आई गं! यांच्यावर चालवत होतो होय मी?" त्याने फडक्याला दोन गाठी मारल्या. "घरी नेतो, मालक. बायकोला दाखवतो. तिचा विश्वासच नव्हता. म्हणत होती, तुमचे मालक जुनीच ठोकून देतील."

"असं कसं," दाजी म्हणाले.

ड्रायव्हर पुरचुंडी छातीशी धरून अंगणातल्या ट्रककडे गेला.

"आता काय घालणार आहात त्यात?" दाजी दात खाऊन कुजबुजले. इंजिनात उघडा क्रँक नुसता चमकत होता.

मिस्त्रीने भंगारातली पुरचुंडी दोन बोटांनी उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. "ही परत करून या. येताना नवी आणा." मग तो नळावर गेला आणि दंड साबणाने घासघासून धुऊ लागला.

दाजी तिथेच उभे राहिले. त्यांचा हात सवयीने कानाकडे गेला. बोटांत काहीच नव्हतं. बाहेर ट्रकचं दार उघडल्याचा आवाज आला.