झांजांचा फरक

"पहिलं मूळ, दुसरं एमपीथ्री," डोळ्यांवर ओढणी बांधलेला शौनक म्हणाला.

जयमालाने ते वहीत टिपलं. ओढणी तिचीच होती. नंदकिशोरला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तेही खटकलंच.

सीवूड्सच्या त्यांच्या सोसायटीत दिवाळी पहाटेचा साउंड आठ वर्षं नंदकिशोरकडे होता. गाण्यातलं कळणारा माणूस म्हटलं की त्याचंच नाव. जूनमध्ये सहाव्या मजल्यावर शौनक राहायला आला आणि जो तो म्हणू लागला, काय कान आहे पोराचा! बाकीच्यांचं नंदकिशोरने सोडून दिलं असतं. पण जयमालासुद्धा म्हणाली, आणि तेही दोनदा.

म्हणून ही परीक्षा. दहा गाणी, प्रत्येक एकदा मूळ रेकॉर्डिंगमधून, एकदा दाबून लहान केलेल्या एमपीथ्रीतून. आधी कुठलं, ते जयमाला नाणं उडवून ठरवणार, लॅपटॉपही तीच चालवणार. शौनक जिंकला तर यंदाचा साउंड त्याचा.

"मला तं काय फरक वाटत नाय," सेक्रेटरी हिरामण म्हात्रे म्हणाले. "पन गानं झकास हाय."

"झांजा ऐका ना काका. आत्ताच्या कशा चुरचुरल्या!" शौनक म्हणाला.

"हो का?" नंदकिशोरने मुद्दाम डोळे मिटून ऐकलं. झांजा दोन्ही वेळा तंतोतंत सारख्या. असणारच. काल त्याने लॅपटॉपवरच्या 'मूळ' आणि 'एमपीथ्री' या दोन्ही फोल्डरांत एमपीथ्रीच टाकून ठेवल्या होत्या.

दहावं गाणं संपलं. शौनकने ओढणी सोडली.

"काही बदलायचंय? अजून वेळ आहे," नंदकिशोरने मोठ्या मायेने विचारलं.

"नाही काका."

नंदकिशोर उठून उभा राहिला. "मग ऐका. दहाही वेळा दोन्हीकडे एकच फाइल होती! मी अख्खा वेळ इथे बसलोय, मला एकदाही फरक ऐकू आला नाही. नव्हताच, तर येईल कुठून? आणि ह्याच्या म्हणे झांजा चुरचुरतात!"

हिरामण मांडीवर थाप मारून हसले. शौनकचा चेहरा पडला.

जयमाला मात्र वहीतून मान वर करेना.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "दोन्हीकडे साइज सारखीच दिसली. मला वाटलं, घाईत तुमची चूक झाली. सकाळीच तुमच्या हार्डडिस्कवरून मूळ गाणी घातली मी... त्याची दहाच्या दहा उत्तरं बरोबर आहेत."