राजेश्रीचा रविवार

"मी आज थांबू का घरी?" अपेक्षानं विचारलं. "पाहुणे यायलेत. तुला बरं वाटंल."

"काही गरज न्हाई," राजेश्री म्हणाली. "पुढच्या आठवड्यात बेंगळुरूला मॅच हाय ना तुझी? मग जाय कोर्टावर. दिवेलागणीपर्यंत येऊ नको."

सिताराममामानं तिरक्या चाकांची खेळायची खुर्ची पिकअपमध्ये चढवली आणि भाचीला उचलून पुढं बसवलं. गाडी परभणीच्या रस्त्याला लागली, तेव्हा कुठं राजेश्रीचा जीव भांड्यात पडला.

धाकट्या बहिणीवर ती जळत होती, आणि हे तिला स्वतःला चांगलं ठाऊक होतं. सातवीत असताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून अपेक्षाचे पाय गेले, तेव्हा हीच राजेश्री तिच्या उशाशी बसून रडली होती. पण पुढं अपेक्षानं टेनिसची रॅकेट धरली, राज्यात पहिली आली, मग देशात आली, आणि अख्ख्या पालम गावाच्या लेखी चंद्रभानरावांना एकच मुलगी उरली. बदाम अपेक्षाला, सत्कार अपेक्षाचा, पेपरात फोटो अपेक्षाचा. तिच्यासोबत गावोगाव फिरायला कुणीतरी पाहिजे म्हणून राजेश्रीचं बी.एड. अर्धवट राहिलं. ते मात्र कुणी पेपरात छापलं नाही.

मागच्या खेपेला वसमतचे पाहुणे राजेश्रीला बघायला आले आणि अपेक्षाबरोबर सेल्फी काढून गेले. नवऱ्या मुलानं तर चेंडूवर सही मागितली. राजेश्रीचं शिक्षण किती, हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांचा नकार आला त्या दिवशी तिनं मनाशी खूणगाठ बांधली, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

या वेळी कुसुमआत्यानं सोनपेठहून फोन केला होता. "रविवारी आणते त्यांना पोरीला बघायला. मुलगा मास्तर हाय, लय सालस. महारुद्र नाव." सोबत फोटो आला. राजेश्रीनं तो आपल्या मोबाईलवर घेतला आणि दिवसातून कितीदा बघितला, ते तिलाच माहीत. हे स्थळ तिला हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

म्हणून तिनं अपेक्षाला बक्षीस मिळालेल्या बैठकीतल्या ढाली पलंगाखाली सारल्या. पेपरातला फोटो फ्रेमसकट भिंतीवरून उतरवला. अपेक्षाचं नाव आपण होऊन काढायचं नाही, असं वडिलांकडून कबूल करून घेतलं.

"तिनं काय वाईट केलंय गं तुझं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"काही न्हाई केलं. एक दिवस माझा असू दे की, आई."

मनकर्णाबाई कांदा चिरायला बसल्या.

पाहुणे वेळेवर आले. महारुद्र, त्याची आई पार्वतीबाई आणि कुसुमआत्या. दारातल्या सिमेंटच्या उतारावर पार्वतीबाई थबकल्या.

"किती रुंद केलाय हो हा?"

"खुर्ची निघाली पाहिजे, एवढा," चंद्रभानराव म्हणाले आणि जीभ चावली.

"आमी बी केला दिवाळीत," महारुद्र म्हणाला. "उंबराच काढून टाकला."

त्यांच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, असं आत उभ्या राजेश्रीला वाटलं. माणसं माया करणारी दिसतात. तिला बरंच वाटलं.

नवी साडी, डोक्यावर पदर, हातात पोह्यांचा ट्रे. राजेश्री बाहेर आली. पार्वतीबाईंनी तिला हाताला धरून जवळ बसवलं.

"थोरली न्हवं तू? पोहे तूच केलेस?"

"हो. घरातलं समदं मीच बघते."

"लय गुणाची हायस बाई," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि राजेश्रीला एकदम हलकं वाटलं. असं तिला या घरात कुणी कधी म्हटलं नव्हतं.

पण सुख तिच्या नशिबी टिकतंय कसलं.

"अपेक्षा सकाळी कवा उठती गं?" पार्वतीबाईंनी विचारलं. "खायला काय लागतं तिला? तिखट चालतं का?"

राजेश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. ढाली लपवल्या, फोटो उतरवला, तिला चांगली परभणीला पाठवली, तरी ही बया बैठकीत हजरच. "चालतं समदं," ती तुटकपणे म्हणाली.

"मी लातूरला त्यांची फायनल बघितली," महारुद्र म्हणाला. "चेंडू दुसऱ्या टप्प्यावर घेऊन मारलेला तो शॉट..."

"खुर्चीवर खेळणाऱ्यांना दोन टप्पे चालतात."

"ठाऊक हाय," तो हसला. "तवापासून समदे नियम वाचून काढलेत."

वाचा बापडे, राजेश्री मनात म्हणाली. जो तो तिचीच आरती ओवाळतो. पण महारुद्र काही वसमतच्या मुलासारखा आगाऊ नव्हता. तो पुन्हा पुन्हा आतल्या दाराच्या पडद्याकडं बघत होता आणि कानापर्यंत लाल होत होता. समोर बसलेल्या मुलीकडं सरळ बघायची हिंमत होत नाही बिचाऱ्याला, तिला वाटलं. तिनं त्याला माफ करून टाकलं.

चहा झाला. कुसुमआत्या चंद्रभानरावांकडं बघून हसली. राजेश्रीनं कप गोळा करता करता सोनपेठचं घर डोळ्यांपुढं आणलं. उंबरा नसलेलं, मोकळं. तिथं ढाली नसतील, बदाम नसतील, पेपरवाले नसतील. तिथं तिला कुणी अपेक्षाची बहीण म्हणणार नाही. तिथं अपेक्षा नसेलच.

पार्वतीबाईंनी पिशवीतून नारळ आणि मोरपंखी साडी काढली. घडी हातानं नीट सारखी केली आणि राजेश्रीच्या हातात दिली.

"धर जरा, बाई," त्या म्हणाल्या. "आन् आता धाकटीला आण बाहेर. पोरगं कवाचं त्या पडद्याकडं बघायलंय."