वीतभर दात

महाकाय, मांसाहारी डायनोसॉरचा दात वीतभर असायचा, असं बाईंनी सांगताच भोसरीच्या शाळेतली अख्खी चौथी हसली. "आबा, बाई खोटं बोलत न्हाईत!" सरू घरी येऊन रडली. तिच्या बापानं, सयाजी टर्नरनं, कारखान्याच्या मालकाला विचारून भंगारातली जाड सळई लेथवर निमुळती केली, कानशीनं घासून बाक दिला आणि दुसऱ्या दिवशी दात वर्गात नेला. सगळा वर्ग दाताभोवती गोळा झाला. एका मुलीनं भीतभीत टोकाला बोट लावलं. "अय्या, हा तर बोथट!" सयाजीनं जीभ चावली. कुणाचा हात कापू नये म्हणून तो प्रत्येक पार्टची धार मोडायचा. सवयीनं डायनोसॉरचीही मोडली होती. "द्या, रिजेक्ट झाला. दुसरा आणतो." "न्हाई देणार!" वर्गानं डरकाळी फोडली आणि दात हातोहात पळवला. दहा वर्षांत सयाजीचा पहिलाच माल रिजेक्ट झाला, आणि तो कुणी परत देईना.